मोजण्याआधी विचारा

यावल तालुक्यातल्या आमच्या शेताची मोजणी होती, त्या दिवशी आजोबा तांबडं फुटायच्या आत बांधावर जाऊन बसले होते. मी तेव्हा सहावीत होतो. केळीला रात्री पाणी दिलेलं, त्यामुळे सऱ्यांमध्ये पाय रुतत होता. मोजणीदार आला, त्याने जुना नकाशा उघडला आणि त्याच्या माणसाने लोखंडी साखळी जमिनीवर पसरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग. एका भागाला आणा म्हणतात. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचेही सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. प्लॉटच्या जाहिरातीत आज आपण जो गुंठा वाचतो, त्याचं माप या साखळीचं आहे.

नाल्याकडच्या बाजूला मोजणीदाराची रेघ आमच्या बांधाच्या आत दीड हात सरकून आली. नकाशाप्रमाणे ती बरोबरच होती. पण तो बांध पणजोबांनी आणि शेजाऱ्यांनी एका पुरानंतर आपसांत ठरवून सरळ केला होता. नकाशाला ते माहीत नव्हतं. खूण करायला मोजणीदार वाकला, तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "ते ठीक आहे भाऊ, पण आम्हाले इचारलं का?"

मोजणीदार समजदार होता. त्याने साखळी खाली ठेवली, बांधावर बसकण मारली, दोन्ही घरांचं ऐकून घेतलं, जबाब लिहिला, सह्या-अंगठे घेतले. हद्द शेवटी नकाशाप्रमाणेच राहिली. दीड हात जमीन गेली. तरी खुणेचा दगड आजोबांनी आपल्या हाताने रोवला आणि त्या हद्दीबद्दल पुन्हा कधी तोंडातून शब्द काढला नाही.

जमीन गेल्यावरही माणूस शांत कसा राहिला, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. ते सुटलं ते आमच्याच भागातली १८५२ सालची एक घटना वाचताना, आणि तिच्या शेजारी अमेरिकेतल्या वसाहतींनी ब्रिटिश करांविरुद्ध दिलेला लढा ठेवून पाहताना. कर, सारा, पट्टी यांविरुद्ध लोक उठतात तेव्हा रकमेचा बोजा हे कारण असतंच, पण त्याच्या तळाशी आजोबांचा तो प्रश्न असतो. जो मोजतो आणि जो मागतो, त्याने आधी विचारलं का? माझ्या मते कराची नैतिकता या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. इतिहासाने हे एका खंडात नाही, दोन खंडांत दाखवून दिलं आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि आमचा खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला इंग्रज कारभारी, आणि धुळे हे मुख्य ठाणं. कंपनी व्यापारी होती, पण दख्खनमध्ये तिचं मुख्य उत्पन्न होतं शेतसारा. तो किती घ्यायचा हे ठरवण्यासाठी जमीन मोजणं आलं. पहिला मोठा प्रयोग पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केला. कागदावर तो अतिशय शास्त्रीय होता. प्रत्यक्षात सारा इतका जड झाला की कित्येक शेतकरी जमिनी टाकून दुसऱ्या मुलखात निघून गेले. मग १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूरपासून नवी पद्धत सुरू केली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक शेताची प्रतबंदी, मातीचा रंग आणि खोली पाहून सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती, आणि ठरलेला आकार तीस वर्षं कायम. १८४७ मध्ये या पद्धतीचे नियम पक्के झाले. आजचा आपला सर्व्हे नंबर, आकारबंद, सातबाऱ्यावरचा आकार आणि पोटखराबा हे सगळं त्याच घराण्यातलं.

ही पद्धत खानदेशात आली आणि १८५२ मध्ये सावदा, रावेर, चोपडा हा तापीकाठचा सुपीक पट्टा खवळून उठला. एकट्या सावद्याला दहा ते पंधरा हजार माणसं जमली. त्या काळी रेल्वे नव्हती, तार नव्हती, आमच्या गावांत वर्तमानपत्र पोचत नव्हतं. सगळा निरोप तोंडी, पायी आणि बैलगाडीने गेलेला. तेवढ्यावर इतकी माणसं एका गावी जमतात, याचा अर्थ घराघरांत त्या साखळीबद्दल बोललं गेलं होतं. लष्कराची तुकडी येईपर्यंत जमाव हटला नाही. शिपायांनी पुढारी पकडले, माणसं पांगली, मोजणी पुढे चालू राहिली. इंग्रजी गॅझेटिअरने त्या हजारो माणसांना 'असंतुष्ट' असा एक शब्द दिला आणि ते पुढच्या मजकुराकडे वळलं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. अभ्यासक म्हणतात की विंगेटची पद्धत आधीच्या गोंधळापेक्षा चांगली होती. सारा ठरलेला, तीस वर्षं न वाढणारा, विहीर खोदली किंवा बांध घातला म्हणून त्या मुदतीत जास्त मागणी नाही. मग शेतकऱ्यांनी स्वतःच्याच फायद्याला विरोध का केला? या आक्षेपातली माहिती खरी आहे. पण शेतकऱ्याच्या जागी बसून पाहा. सरकारचा परका माणूस तुमच्या वावरात येतो, मातीत सळई खुपसतो, वहीत काहीतरी लिहितो आणि निघून जातो. त्या वहीतल्या आकड्यावर तुमच्या मुलाचं आयुष्य ठरणार असतं. आकडा कसा काढला हे तुम्हाला कोणी सांगत नाही आणि तो चुकला तर दाद मागायची कुठे, तर आकडा काढणाऱ्याकडेच. तीस वर्षांनी पुन्हा आकारणी होणार, तीही सरकारच्याच मर्जीने. अशा वेळी आजचा सारा हलका आहे की जड, ही दुय्यम गोष्ट होते. आणि ती भीती पोकळ नव्हती. इंदापूरची मुदत संपल्यावर १८६० च्या दशकात फेरआकारणी झाली आणि सारा एकदम मोठा वाढला. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले होते, वाढीव सारा मात्र भरावा लागत होता. १८७५ मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा राग सावकाराच्या दस्तांवर निघाला, पण त्या कर्जामागे साऱ्याचा तगादाही होता.

आता साताठ हजार मैलांवर, सावद्याच्या सत्त्याऐंशी वर्षं आधी, उत्तर अमेरिकेत काय झालं ते पाहू.

१७६३ मध्ये फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध संपलं. ब्रिटनने ते जिंकलं, पण कर्जात बुडून. अमेरिकेतल्या वसाहतींचं रक्षण करण्यात हा पैसा गेला, तेव्हा वसाहतींनी त्यातला वाटा उचलावा, असं लंडनच्या सरकारला वाटलं. १७६४ मध्ये साखरेवरचा कायदा आला आणि मार्च १७६५ मध्ये स्टॅम्प ॲक्ट. कोर्टाचे कागद, जमिनीचे व्यवहार, वर्तमानपत्रं, पंचांगं, अगदी पत्ते आणि फासे यांच्यावरही सरकारी मुद्रांक लागणार होता. रक्कम लहान होती. इंग्लंडमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. पण वसाहतींच्या लोकांनी हिशेब वेगळा मांडला. आमच्यावर कर बसवायचा तर आमच्या विधिमंडळांनी बसवावा. लंडनच्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही, तेव्हा त्या पार्लमेंटला आमच्या खिशात हात घालायचा अधिकार नाही.

लंडनमधून उत्तर आलं की पार्लमेंटचा प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचं हित पाहतो, म्हणून वसाहतींना प्रतिनिधित्व आहेच, फक्त ते दिसत नाही. हे उत्तर आपल्या ओळखीचं आहे. मायबाप सरकार रयतेचं भलं जाणतं, तेव्हा रयतेला विचारायची गरज काय, हा सूर आपण दीडशे वर्षं ऐकला. पहिल्या सुरात तर्कशास्त्र जास्त आहे, दुसऱ्यात माया, पण दोन्हींमध्ये विचारणं टाळलेलं आहे.

ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे सत्तावीस प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी लेखी हक्क मांडले. व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल मागवणं बंद केलं. बोस्टनमध्ये मुद्रांक वाटायला नेमलेल्या अधिकाऱ्याचा पुतळा झाडाला टांगला गेला, पुढे मोठ्या अधिकाऱ्याचं घर लोकांनी फोडलं. मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला. पण त्याच वेळी दुसरा कायदा करून ठेवला की वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदे करण्याचा आमचा अधिकार कायम आहे. पैसे सोडले, अधिकार ठेवला. म्हणून भांडण मिटलं नाही. १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात आली. १७७० मध्ये बाकीच्या जकाती उठल्या, चहावरची तेवढी ठेवली. कर बसवण्याचा हक्क आपलाच आहे, एवढं दाखवायला ती पुरेशी होती.

आणि मग १७७३ चा चहा. ज्या कंपनीने पंचेचाळीस वर्षांनी खानदेश घेतला तीच ही ईस्ट इंडिया कंपनी. १७७० च्या बंगालच्या भीषण दुष्काळानंतर तिचा कारभार डबघाईला आला होता आणि गोदामांत चहा पडून होता. तिला वाचवण्यासाठी पार्लमेंटने तिचा चहा थेट अमेरिकेत विकायची सवलत दिली. त्यामुळे चहा स्वस्त झाला, चोरट्या मार्गाने येणाऱ्या चहापेक्षाही स्वस्त. तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात ओतल्या गेल्या. कर म्हणजे फक्त पैशाचा प्रश्न असता, तर स्वस्त झालेला चहा कोणी पाण्यात टाकला नसता. तीन पेन्सची ती जकात स्वीकारणं म्हणजे न विचारता मागण्याचा हक्क कबूल करणं, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

माणसाला मुळात द्यायचंच नसतं, कर म्हटला की तो पळवाट शोधतो, असं म्हणणाऱ्यांना मी धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी घेऊन जाईन. तिथे काही शतकं फड पद्धतीने पाणी वाटलं गेलं. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात साधारण एकच पीक, आणि कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे शेतकरी मिळून ठरवणार. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, पीक राखायला जागल्या. यांचा मोबदला पाणी घेणारे शेतकरीच भरत. पाट साफ करायचं कामही वाटून घेत. उन्हाळ्यात पाटात उतरून गाळ उपसणारा शेतकरी करच भरत होता, श्रमाचा. त्यासाठी लष्कराची तुकडी लागली नाही, कारण पाट कुठून न्यायचा आणि पाळी कोणाची, हे ठरवायला तो स्वतः बसलेला असायचा.

न्यू इंग्लंडच्या गावांतही 'टाउन मीटिंग' भरत. रस्ता, शाळा, चर्च यांच्या पट्ट्या तिथे जमून ठरत आणि लोक त्या भरत. बोस्टनचा चहा ओतण्याआधी शहरात हजारो माणसांची सभा भरली होती, ती याच सवयीतून. स्वतः ठरवलेला कर भरण्याची सवय असलेल्या माणसालाच न विचारता लादलेला कर सर्वांत जास्त खुपतो. पांझरेकाठचा फड आणि बोस्टनची सभा यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती, पण दोन्हींमध्ये माणसाचा एकच स्वभाव दिसतो.

मग सावदा आणि बोस्टन यांचं नशीब इतकं वेगळं का झालं? एका ठिकाणी नवं राष्ट्र जन्मलं, दुसऱ्या ठिकाणी पुढारी पकडले गेले आणि साखळी पुढच्या शेतात सरकली. धाडसात आमची माणसं कमी होती असं मी मानत नाही. दहा-पंधरा हजार माणसांनी कंपनी सरकारपुढे उभं राहणं सोपं नव्हतं. कमी होती ती जोडणी. अमेरिकेत जमावाच्या मागे विधिमंडळ होतं, विधिमंडळाच्या मागे छापखाना आणि छापखान्यामागे माल अडवणारा व्यापारी. १७६७-६८ मध्ये जॉन डिकिन्सन या वकिलाने पेनसिल्व्हेनियातला एक शेतकरी म्हणून बारा पत्रं लिहिली, आणि ती वसाहती-वसाहतींत छापली गेली. शेतकऱ्याच्या तोंडचा युक्तिवाद वकिलाच्या लेखणीतून आला आणि लाखो लोकांचा झाला.

आपल्याकडे १८५२ हेच साल पाहा. २६ ऑगस्टला मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी अशी मोठी माणसं तिच्यात होती. कंपनीची सनद १८५३ मध्ये नवी व्हायची होती, म्हणून त्यांनी ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला, कायदे करणाऱ्या मंडळात इथली माणसं असावीत अशी मागणी केली. म्हणजे एकाच वर्षी, एकाच इलाख्यात, मुंबईत कागद बोलत होता आणि सावद्याला माणसं. दोघांचं म्हणणं आतून एक होतं, आम्हाला विचारा. पण कागदाला माणसांची ताकद मिळाली नाही आणि माणसांना कागदाचे शब्द मिळाले नाहीत. माझ्या मते आपल्या एकोणिसाव्या शतकातली ही फार मोठी हुकलेली भेट आहे. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं पुस्तकभर, त्याच्या बाजूने, त्याच्या भाषेच्या जवळ जाऊन मांडलं ते महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, १८८३ च्या सुमारास. सावद्याला तोवर एकतीस वर्षं झाली होती. त्या जमावातल्या एकाही माणसाचं नाव आपल्या मुलांना माहीत नाही. बोस्टनच्या पेट्यांचा चहा मात्र ती शाळेत शिकतात.

दुसरा आक्षेप याहून टोचणारा आहे. सावद्याचे लोक म्हणजे शेवटी कोण? सुपीक काळ्या जमिनीचे धनी, पाटील-देशमुखांच्या प्रभावातली गावं. मोजणीने सरकार आणि खातेदार यांचा थेट संबंध जोडला, त्यात वतनदारांचं महत्त्व घटणार होतं, म्हणून त्यांनी लोकांना उठवलं असेल. त्या वावरांत राबणाऱ्या भूमिहीनाला, सातपुड्यातल्या भिल्लाला, गावकुसाबाहेरच्या माणसाला या लढ्यात जागा होती का? हा प्रश्न अमेरिकेलाही लागू आहे. आम्हाला गुलाम करता म्हणून पार्लमेंटवर ओरडणारे कित्येक पुढारी स्वतः गुलामांचे मालक होते, आणि ज्या जमिनीच्या हक्काबद्दल ते बोलत ती मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती.

हा डाग लपवून कोणताही लढा मोठा होत नाही, आणि मला तो लपवायचाही नाही. पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. 'आम्हाला विचारलं का' हे वाक्य एकदा उच्चारलं की ते उच्चारणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. अमेरिकेत पुढे गुलामांनी तोच प्रश्न मालकांना विचारला, स्त्रियांनी पुरुषांना विचारला. खानदेशात भिल्लांनी तो इंग्रजांना कितीतरी आधी, डोंगरात हत्यार घेऊन विचारला होता. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, ती हा प्रश्न ताब्यात घेण्यासाठीच. सुखवस्तू माणसाने स्वतःपुरता मागितलेला हक्क शेजारच्या वंचिताने उचलून सगळ्यांचा केला, असं इतिहासात पुन्हा पुन्हा घडलं आहे. आपलं काम तो हक्क वरच्या घरात अडकू न देण्याचं आहे.

या गोष्टीला एक विलक्षण वळण खुद्द विंगेटने दिलं. ज्याच्या पद्धतीविरुद्ध सावद्याला माणसं जमली, त्या जॉर्ज विंगेटने निवृत्तीनंतर १८५९ मध्ये इंग्लंड-हिंदुस्थानच्या आर्थिक संबंधांवर एक पुस्तिका लिहिली. कर ज्या देशात गोळा होतो तिथेच खर्च झाला तर पैसा लोकांत पुन्हा फिरतो. दुसऱ्या देशात नेऊन खर्च केला तर कर देणाऱ्या देशाच्या दृष्टीने तो समुद्रात बुडाल्यासारखाच, असा त्याचा रोख होता. दादाभाईंनी पुढे संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत मांडताना त्याचा आधार घेतला. आयुष्यभर मोजणी करणाऱ्या माणसाला शेवटी उमगलं की किती घेतलं यापेक्षा ते कुठे गेलं, हा प्रश्न मोठा आहे. आणि ते कुठे जावं हे ज्याने दिलं त्यानेच ठरवायचं, हे त्याच्या युक्तिवादाचं पुढचं, अटळ पाऊल आहे. त्याच सुमारास इतिहासाने स्वतःची नक्कल केली. सात वर्षांच्या युद्धाचं कर्ज फेडायला अमेरिकेवर स्टॅम्प बसला होता, तसा १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च भरून काढायला १८६० मध्ये अर्थसदस्य जेम्स विल्सनने हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. युद्ध तुमच्यासाठी केलं, खर्च तुम्ही द्या. फक्त युद्ध करायचं का, हे विचारायचं राहून गेलं.

सावद्यापासून काही किलोमीटरवर फैजपूर आहे. चौऱ्याऐंशी वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरलं ते पहिल्यांदा इथे. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूतून अधिवेशनाचं नगर सजवलं, धनाजी नाना चौधरींसारखे इथले कार्यकर्ते दिवसरात्र राबले. आणि त्या मांडवात शेतसारा आणि खंड कमी करण्याचा, न परवडणाऱ्या लहान शेतीला सवलत देण्याचा कार्यक्रम मंजूर झाला. १८५२ मध्ये सावद्याला जे शब्द नव्हते ते त्याच परिसराला १९३६ मध्ये मिळाले, आणि या वेळी माणसं आणि कागद एकाच मांडवात होते. दोनच वर्षांनी साने गुरुजींनी अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढलं. अतिवृष्टीने पीक गेलेल्या शेतकऱ्यांचा सारा माफ व्हावा म्हणून ते लिहीत राहिले, गावोगाव बोलत राहिले. तेव्हा मुंबई प्रांतात काँग्रेसचंच मंत्रिमंडळ होतं. सरकार आपलं आलं म्हणून प्रश्न विचारणं थांबवायचं नसतं, हा गुरुजींचा धडा मला फैजपूरच्या ठरावाइतकाच मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र त्या काळातही उलटी होती. मत कोणाला, तर ठराविक शेतसारा भरणाऱ्याला किंवा तशा मोजक्या अटींत बसणाऱ्याला. अमेरिकेतली घोषणा होती, प्रतिनिधी नाही तर कर नाही. इंग्रजांनी इथे तिचं केलं, सारा नाही तर मत नाही. निंदणी-खुरपणी करणारी मजूर बाई या हिशेबात कुठेच नव्हती. तिला मोजलं ते आपल्या संविधानाने, एक माणूस एक मत म्हणून. आणि त्याच संविधानाच्या अनुच्छेद २६५ ने सांगितलं की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. सावद्याचा जमाव ज्यासाठी उभा होता, तो प्रश्न या एका वाक्यात सरकारवर बंधन होऊन बसला आहे.

मग आता काम संपलं का? मला तसं वाटत नाही. 'करदाता' हा शब्द आपण प्राप्तिकर भरणाऱ्यापुरता राखून ठेवला आहे, आणि बाकीच्यांना सवलती खाणारे समजतो. जळगावच्या बाजारात मजूर बाई साबणाची वडी घेते, तेव्हा १ जुलै २०१७ पासून लागू झालेला जीएसटी तिच्या मुठीतूनही जातो. ती करदाती आहे, आणि तिला प्रश्न विचारण्याचा तेवढाच अधिकार आहे. पण विचारायची जागा आपण ओस पाडली आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिलं. घरपट्टी-पाणीपट्टीचा पैसा कुठे गेला, कोणतं काम आधी करायचं, हे तिथे विचारायचं. प्रत्यक्षात किती गावांत ती कोरमअभावी तहकूब होते, हे आपण सगळे जाणतो. पीक किती आलं हे सांगणाऱ्या पैसेवारीचा, म्हणजे जुन्या आणेवारीचा, आकडा पन्नासच्या वर की खाली, यावर गावाचा दुष्काळ बरीच वर्षं ठरत आला, आणि बऱ्याच शेतकऱ्यांना तो पेपरातून कळतो. आणे जाऊन पैसे आले. वहीतला आकडा कसा निघाला हे न कळण्याची जुनी वेदना मात्र तशीच आहे.

उलट जिथे विचारलं जातं तिथे काय होतं, तेही याच मातीत दिसतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी मिळून जंगल राखलं. झाड तोडणाऱ्याला दंड गावाने ठरवला आणि गावानेच पाळला. दंड हा करापेक्षा कडू, पण आपण ठरवलेला असला की माणूस तो भरतो आणि मान वर ठेवून भरतो.

म्हणून सावद्याच्या त्या जमावाचं स्मारक मला दगडाचं नको आहे. त्यांचं स्मारक म्हणजे भरलेली ग्रामसभा, जिथे सरपंच हिशेब वाचतो आणि मागच्या ओळीतली बाई उठून विचारते. आमच्या नाल्याकडच्या बांधावर आजोबांनी रोवलेला दगड अजून आहे. परवा गेलो तेव्हा त्याच्याभोवती गवत वाढलं होतं, ते मी उपटलं. मोजणी आता साखळीने होत नाही, उपग्रहाशी बोलणारं यंत्र येतं आणि क्षणात हद्द दाखवतं. यंत्र चुकत नाही असं म्हणतात. आजोबांच्या वेळची साखळीही चुकली नव्हती. तरी मोजणीदाराने ती खाली ठेवली होती आणि बांधावर बसला होता. त्या अर्ध्या तासामुळेच हा दगड आजोबांचा झाला.